सुरयांच्या बेटावरचे लाल झेंडे

नवा रायपूर तेव्हा नुसताच रुंद रस्ता होता. गुळगुळीत डांबर, कडेला जाळीत उभी केलेली नवी झाडं, आणि बघावं तिथपर्यंत माणूस नाही. छत्तीसगडचं मंत्रालय तिकडे हललं तेव्हा शहरातल्या आम्हा कर्मचाऱ्यांना कार्यालयाची बस नेत-आणत असे. ती चुकली की रजा टाकायची, कारण दुसरं काही मिळतच नसे. दोन-तीनदा चुकल्यावर मी स्कूटी घेतली. त्या स्कूटीमुळे मी पक्षी मोजायला लागले. पक्ष्यांची मला आवड होती असं नाही, आजही फार आहे असं म्हणणार नाही. मला त्या कामाची सवय लागली आणि ते काम करणारी माणसं आवडली.

सुरुवात गार्डकाकांची. ते आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरी सगळी मालगाडीवर गार्ड म्हणून. शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून मागे पळणारे रूळ बघत आयुष्य गेलेलं, त्यामुळे गप्प बसून एकाच दिशेला बघत राहणं त्यांना जड जात नसे. निवृत्तीनंतर ते ओडिशाच्या किनाऱ्यावर एका जुन्या सहकाऱ्याकडे गेले. तिथे कोळ्यांच्या वस्तीतले लोक समुद्री कासवांच्या घरट्यांवर पहारा ठेवतात. काका आठवड्यासाठी गेले आणि पिल्लं समुद्रात जाईपर्यंत परतलेच नाहीत. पुढे दर हिवाळ्याला जाऊ लागले.

"किनाऱ्यानं चालायचं," ते आम्हाला सांगायचे, "घरटं दिसलं की काठ्या रोवायच्या, वरतं कापड बांधायचं, म्हणजे कोणाचा पाय नाही पडत. अन् मोजायचं. डोकं लागत नाही ह्याले. टिकून राहाणं लागते."

रायपूरला समुद्र कुठला! संध्याकाळच्या गाडीत बसलं तर सकाळी दिसतो. पण काका अडून बसले नाहीत. नव्या राजधानीच्या हद्दीत आलेल्या एका जुन्या गावाचं तळं होतं, तिथे त्यांना नदी सुरय दिसले. समुद्रावर जे पांढरे, टोकदार पंखांचे सुरय घिरट्या घालतात, त्यांचीच ही गोड्या पाण्यातली जात. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, मागे कात्रीसारखी लांब शेपटी. नद्यांची वाळू उपसली गेली, बेटं गेली, आणि हे पक्षी सगळीकडेच कमी होत गेले, कारण ते घरटं बांधत नाहीत. उघड्या वाळूत नाहीतर मुरमात जरासा खळगा करतात आणि त्यात अंडी घालतात. तळं खोल करताना ठेकेदारानं मध्येच मुरमाचा ढीग सोडून दिला होता. माणसाच्या लेखी तो अर्धवट टाकलेल्या कामाचा कचरा. सुरयांनी त्याचं बेट केलं.

आदल्या उन्हाळ्यात काका एकटेच सायकलनं जाऊन ते बघत असत. अंडी आली, पक्षी बसले, आणि मग तळं आटत गेलं. बेट आणि काठ यांच्यामध्ये चिखलाची एक चिंचोळी वाट वर आली. त्या वाटेनं कुत्री गेली आणि एका सकाळीत सगळं संपवून आली. एकही पिल्लू उडालं नाही.

"लागोपाठ दोन सालं असंच झालं त हे पक्षी जागा सोडून देते," काका म्हणाले. "मंग ह्या तळ्यात काय, आसपास कुठंच नाही दिसणार. यंदा एक त एक, पण पिल्लू उडालं पाहिजे."

त्यासाठी त्यांना माणसं हवी होती. मला त्यांनी सरळ विचारलं, "तुमचा आफिस तिकडंच हाय न, ताई? येता-जाता नजर टाकत जा." मी हो म्हटलं. एवढंच.

थंडीत काकांनी जमवलेल्या आमच्या गटात बरीच माणसं असायची. फोटो काढायची, पोहे खायची, मजेत घरी जायची. होळी झाली, ऊन तापलं, की उरायचो तिघं. काका, मी, आणि पंडरीच्या वहिनी. वहिनींचं पंडरीत, म्हणजे रायपूरच्या कापडबाजारात, नवऱ्याबरोबर दुकान, थानांतून उरलेल्या आणि लाटनं, म्हणजे ठोक गठ्ठ्यानं, घेतलेल्या मालाचं. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं. त्या रविवारी माझ्या स्कूटीवर मागे बसून इथे यायच्या आणि बाभळीखाली बसून राहायच्या. पण त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. कुत्रं कुठून निघालं, गुराखी कुठे वळला, ते त्यांना दुर्बिणीशिवाय दिसायचं.

काम कंटाळवाणं होतं, हे आधीच सांगून टाकते. काठावर बसायचं, बसलेले पक्षी मोजायचे, जवळ जायचं नाही. जवळ गेलं की सगळे उठून कलकलाट करतात, आणि तेवढ्यात अंडी उन्हात भाजतात. कोणी गुरं घेऊन आलं तर त्याला जरा लांबून न्यायला सांगायचं. कुत्रं आलं तर हाकलायचं. दुपार झाली की घरी. या कामाचं काका कधी कौतुक करत नसत आणि त्यांनी आम्हालाही करू दिलं नाही. एकदा मी म्हटलं की, आज काहीच घडलं नाही. ते म्हणाले, "चांगलं झालं न. गाडीवर बी काही घडलं नाही तेच दिवस चांगले होते."

त्या वर्षीही पाणी उतरलं आणि चिखलाची वाट वर यायला लागली. काकांनी बाभळीच्या काटेरी फांद्या वाटेवर आडव्या टाकल्या. कुत्र्यांसाठी. आणि माणसांसाठी त्यांनी किनाऱ्यावरची युक्ती काढली. बांबू रोवायचे, त्यांना कापड बांधायचं, म्हणजे लोकांना दुरूनच कळेल की इथे पाय ठेवायचा नाही. कापड वहिनी आणणार होत्या. त्यांनी आणलं ते लालभडक, तलम, कडेला सोनेरी गोटा, म्हणजे जरीची चकचकीत पट्टी, लावलेलं.

"गोटा काहून?" मी विचारलं.

"लाटमध्ये तेच उरलं होतं. चमकते, लांबून दिसते. तुमाले अजून का पाहिजे?"

"लाल हाय न? मंग झालं," काका म्हणाले. "जन्मभर लाल कपडा दाखवला अन् गाडी थांबवली."

"गाडीले ब्रेक असते, गार्डसाहेब," वहिनी म्हणाल्या. "ह्या कुत्र्यायले कोणतं ब्रेक?"

तरी झेंडे लागले. वाटेच्या तोंडापासून बेटाच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंना, वाऱ्यावर फडफडणारे. आम्ही लांब जाऊन पाहिलं. छान दिसत होते. जरा जास्तच छान दिसत होते, पण ते आमच्या लक्षात आलं नाही.

मधल्या दिवसांत कार्यालयात मार्चअखेरची कामं निघाली. मला अंधार पडल्यावर सुटका मिळायची, तळ्याकडे वळायला वेळ नव्हता. काकांची सायकल दुरुस्तीला होती. पुढच्या रविवारी आम्ही तिघं गेलो तर वाटेवरचे काटे कुणीतरी उचलून एका बाजूला नीट रचून ठेवले होते. वाट झाडलेली होती. चिखलात पाय रुतू नये म्हणून सपाट दगड मांडलेले. झेंड्यांच्या बुडाशी नारळाच्या करवंट्या, उदबत्त्यांची राख, कुंकू, तांदूळ, फुलं. तांदळावर कावळे. करवंट्या चाटत दोन कुत्री. आणि बेटाच्या अलीकडच्या कडेचे सुरय उठून गेलेले. तिथले खळगे रिकामे होते.

चैत्रातलं नवरात्र सुरू झालं होतं. या भागात लाल कापडाचा झेंडा उघड्या माळावर दिसला तर तिथे माता आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि आमचं कापड तर मातेच्या चुनरीचंच होतं. वहिनींच्या दुकानातून ते दर नवरात्राला त्याच कामासाठी जात असे.

वहिनी म्हणाल्या, "माय वं! म्या सोता आणलं."

काकांनी आधी बेटाकडे दुर्बीण लावली. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "पलीकडचे अजून बसून हायेत." तेवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मग ते झेंड्यांकडे निघाले.

"कुठं चालले?"

"काढून टाकतो."

"हात लावून पाहा," वहिनी म्हणाल्या. "गाव येईन धावत अन् आपल्यालेच गाडून टाकन त्या बांबूखाली."

गाव आलंच. म्हणजे बायका आल्या, पाण्याचे लोटे आणि ताटं घेऊन. पुढे एक उंच, सडपातळ म्हातारी. इकडे जाणत्या, वडीलधाऱ्या माणसाला सियान म्हणतात. या त्या गावच्या सियानीन, सगळ्या त्यांना दीदी म्हणत होत्या. तांब्याचा लोटा डोक्यावर ठेवून त्या थांबल्या आणि आम्हाला न्याहाळलं.

"दर्शन करे बर आए हव?" दर्शनाला आलात का?

मी काहीतरी गुळमुळीत म्हणाले. त्या मोकळेपणानं बोलू लागल्या. माता अचानक प्रगट झाली, कोणी झेंडे लावताना पाहिलं नाही. यंदा नवमीला जंवारा इथेच आणायचा असं गावानं ठरवलंय. जंवारा म्हणजे नवरात्रात टोपल्यांतून रुजवलेले गव्हाचे कोवळे अंकुर. नवमीला बायका त्या टोपल्या डोक्यावर घेऊन मिरवत तळ्यावर नेतात आणि विसर्जन करतात. मागे मांदर नावाचा ढोल वाजतो, मातेची जसगीतं म्हणतात, सगळं गाव असतं. ते सगळं गाव या चिंचोळ्या वाटेनं बेटावर जाणार होतं.

वहिनींनी आम्हाला बाजूला ओढलं. "ऐका माझं. मी सांगून देतो का मातेनं सपनात येऊन सांगलं, बेटावर कोणाचा पाय लागला त कोप होईन. पटते त्यायले. काम होते, कोणाचं वाईट बी नाही होत."

मला ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे. सोपं होतं.

काका म्हणाले, "मी देवी मानत नाही, वहिनी. तुमाले माहीत हाय. माह्या घरात बाबासाहेब अन् बुद्धाशिवाय फोटो नाही. पण म्हणून दुसऱ्याच्या देवीच्या नावानं खोटं बोलू? ते मले नाही जमत."

"मंग का कराल? 'मीच लावले' म्हणून सांगाल त्यायले?"

"हो. लावले त मीच."

ते वळून दीदींकडे गेले, टोपी काढली आणि हिंदीत म्हणाले, "दीदी, ये झंडे मैंने गाड़े हैं."

 मागून एक आवाज आला, "का कहत हे ये सियनहा?" दुसरी म्हणाली, "दारू पिए हे का?" आणि कुणीतरी जोरात हसलं. मला त्या हसण्याची भीती वाटली. त्यानंतर काय येतं ते सांगता येत नाही.

दीदी हसल्या नाहीत. "तैं गाड़े हस?"

"हव," काका त्यांच्याच बोलीत म्हणाले.

"काबर?"

का, एवढाच प्रश्न होता आणि काकांनी त्याचं उत्तर समुद्रापासून सुरू केलं. समुद्राकाठी कासवं, त्यांची अंडी, तिथले लोक काठ्या कशा रोवतात. मग हे पक्षी. गेल्या उन्हाळ्यात कुत्र्यांनी काय केलं. लाल कापड का, तर रेल्वेत लाल म्हणजे थांबा, म्हणून. इथे लाल म्हणजे या, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. "मेरी गलती है. माता की नहीं, आप लोगों की भी नहीं." त्यांनी एकदाही आवाज खाली केला नाही आणि हातही जोडले नाहीत. मी अनेक साहेब लोकांना चूक कबूल करताना पाहिलं आहे, म्हणजे टाळताना पाहिलं आहे. हे तसं नव्हतं. मालगाडीचा डबा घसरला तर गार्ड जसा अहवाल देतो, तसं ते उभं राहून सांगत होते.

मग त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढून दीदींच्या हातात दिली. दीदींनी लोटा शेजारणीच्या हाती दिला, दुर्बीण डोळ्याला लावली, इकडेतिकडे फिरवली, आणि एका जागी थांबल्या. एक सुरय पाण्यावर उतरला होता. पोट पाण्यात बुडवलं, उठला, आणि ओल्या पोटानं अंड्यांवर जाऊन बसला. उन्हाळ्यात हे पक्षी दिवसभर असंच करतात.

"ये का करत हे?"

"अंडों को ठंडा कर रही है. नहीं तो धूप में पक जाएँगे."

दीदींनी दुर्बीण खाली केली नाही. तशाच बघत त्यांनी निकाल दिला. एकदा जिथे पूजा झाली तिथले झेंडे उपटून फेकता येत नाहीत. पण मातेला मानानं हलवता येतं. काठावर वडाखाली जागा आहे. नवमीला जंवारा नेहमीच्या घाटावर जाईल, आणि जाताना माता वडाखाली जाईल. तोवर या वाटेनं कोणी जाणार नाही, नारळ-तांदूळ वडाखालीच ठेवायचे.

"फेर गाड़े तैं हस," त्या काकांना म्हणाल्या, "त उठाबे घलो तैंच."

रोवले तू, उचलशीलही तूच.

काका म्हणाले, "उठाऊँगा. पूजा आप करना."

"त का, तोर ले पूजा कराबो?" मग काय, तुझ्याकडून करवून घेऊ, असं दीदी म्हणाल्या, आणि आता मात्र सगळ्या हसल्या, मोकळ्या. वहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली होती.

नवमीपर्यंत त्या वाटेवर खरंच कोणी पाय ठेवला नाही. मी रोज सकाळी जरा लवकर निघून कार्यालयात जाताना पाहत असे. दीदी वडाखाली बसलेल्या असत, हाताशी कुत्र्यांसाठी दगड.

नवमीला काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. आम्ही ठरवलं होतं की बेटाकडे एकट्यानंच जायचं, पटकन जाऊन पटकन यायचं. काठावर टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायकांची रांग, मागे मांदर, गाणारे पुरुष. काका वाटेवर शिरले आणि सुरय उठले. हे पक्षी लहान दिसतात, पण अंड्यांच्या जवळ आलेल्याला सोडत नाहीत. एकामागून एक सूर मारत त्यांच्या डोक्यापर्यंत येत होते. काकांनी टोपी घातली नव्हती, मानाचं काम म्हणून. एकानं टकलावर चोच मारली. दुसऱ्यानं शर्टावर पांढरी रेघ ओढली. बायका गाता गाता हसू दाबत होत्या, एकीची टोपली हलली तशी दीदींनी दटावलं. काकांनी घाई केली नाही. एकेक बांबू हलवून सैल केला, उपटला, सगळे खांद्यावर घेतले आणि झेंडे फडफडत आले तसे मांदरवाल्यानं ठेका वाढवला.

वडाखाली दीदी दाखवतील तिथे त्यांनी बांबू रोवले, पायानं माती दाबली आणि बाजूला जाऊन उभे राहिले. पूजा झाली. हात जोडा असं त्यांना कोणी म्हटलं नाही आणि त्यांनी जोडले नाहीत. दीदी सगळ्यांना टिळा लावत आल्या. काकांसमोर थांबल्या, टिळ्याचं बोट मागे घेतलं आणि त्यांच्या तळहातावर खोबऱ्याचा मोठा तुकडा ठेवला. काकांनी तो तिथेच खाल्ला. सकाळपासून उपाशी होते.

रांग घाटाकडे निघून गेली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "शर्ट द्या माह्याकडे. डाग नाही निघणार, पण धुऊन देतो."

"राहू द्या," काका म्हणाले. "आपल्याच पोरायनं केला हाय."

ती चिखलाची वाट तोडायची, असं काकांच्या मनात पहिल्यापासून होतं. पण दुसऱ्याच्या गावच्या तळ्यात कुदळ मारायची कशी, म्हणून ते गप्प होते. आता त्यांनी विचारलं. दीदी म्हणाल्या, तळ्याचा गाळ तर आमच्या बाडीला पाहिजेच असतो. घरामागच्या भाजीच्या वाफ्याला इकडे बाडी म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाआधी बायका घमेली घेऊन आल्या. काठाच्या बाजूनं वाट खणली, गाळ घरोघरी गेला. मी पदर खोचून दोन-चार घमेली उचलली आणि पाठ धरून बसले. वहिनी मात्र त्या दिवशी खरंच चालल्या. खणलेल्या जागी हळूहळू पाणी झिरपून आलं. फार खोल नव्हतं, पण कुत्रं पलीकडे जायला कचरेल एवढं होतं. बेट पुन्हा बेट झालं.

मग वैशाखाचं ऊन आलं. काकांना उन्हात एकदा चक्कर आली आणि त्यांच्या सुनेनं सायकलची किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली. ते घरातूनच मला रोज विचारायचे. पिल्लं फुटली, मुरमाच्या रंगाची, दिसता दिसत नसत. काही घारीनं नेली, हेही मी त्यांना सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणायचे. उडालं का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत दीदींचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "वो सियनहा ला कहि दे, ओकर चिरई उड़ागे." त्या म्हाताऱ्याला सांग, त्याचं पाखरू उडालं.

मी डबा तसाच झाकला आणि स्कूटी काढली. दीदी वडाखाली, झेंड्यांच्या सावलीत. त्यांनी बोट दाखवलं. बेटावरून एक तपकिरी, आखूड शेपटीचा सुरय उठला, वेडावाकडा पाण्यावरून फिरला आणि परत मुरमावर असा उतरला की पडला म्हणावं. मागून अजून एक उठला.

मी काकांच्या घरी फोन लावला. नातीनं उचलला. "दादाजी सो रहे हैं, आंटी."

"उठव त्यांना."

काकांचा आवाज आला. मी सांगितलं.  नात मागे काहीतरी विचारत होती.

"किती?" ते म्हणाले.

"दोन दिसले. कदाचित तीन."

"कदाचित काय, ताई? उडता पक्षी दोनदा मोजल्या जाते. थांबा तिथंच. सारे खाली बसू द्या, मंग मोजा."

"काका, माझं आफिस आहे. आणि ऊन किती आहे ते तरी—"

"म्हणून त मले येऊ नाही देऊन राहिले. तुमी मोजा."

दीदींना मराठी कळत नव्हती, पण फोन कशाबद्दल होता ते त्यांना कळलं. त्यांनी लुगड्याचा पदर डोक्यावर ओढला, वडाच्या बुडाशी जरा सरकल्या आणि शेजारच्या जागेवर हात आपटला.

"बइठ," त्या म्हणाल्या.

मी दुर्बीण काढली आणि बसले.